दिव्यापलीकडची फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रात्रीची वेळ, ओळीने मांडलेल्या खाटा, कण्हणारे सैनिक आणि हातात दिवा घेऊन फिरणारी एक सेवाभावी बाई. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे हे चित्र तर माझ्या अगदी ओळखीचं. निबंधाचा विषय कुठलाही असो, त्यात मदर तेरेसा आणि ही दिवेवाली बाई यांचा उल्लेख केला की दोन मार्क जास्त मिळतात असा आमच्या वर्गाचा ठाम समज होता! पण मित्रांनो, नव्वद वर्षांच्या आयुष्यातले जेमतेम वीस-एकवीस महिने ही बाई युद्धातल्या रुग्णालयांत होती. मग उरलेली वर्षे तिने केलं काय? तर आकडेमोड! हो, चक्क आकडेमोड. तक्ते, रकाने, टक्केवारी आणि आलेख.

हे मला कळलं ते यंदा, 'हेल्थ डेटा' नावाचा इलेक्टिव्ह घेतल्यावर. कॉम्प्युटरवाले म्हणजे कोडिंग येतच असणार असं सगळ्यांना वाटतं. पण सी-मध्ये चांदण्यांचे त्रिकोण छापणं वेगळं आणि खऱ्या माणसांच्या आजारपणाची माहिती सांभाळणं वेगळं. पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी चोवीस ओळींची एक छोटीशी फाइल दिली. एप्रिल १८५४ ते मार्च १८५६, महिन्याला एक ओळ. रकाने मोजून चार-पाच. महिना, सैन्याची संख्या, रोगाने मेलेले, जखमांनी मेलेले, इतर कारणांनी मेलेले. ही फाइल कुणाच्या कामातून आली? नाइटिंगेलबाईंच्या! त्या चोवीस ओळींवर आम्ही पायथनमधला लूप शिकलो, फंक्शन शिकलो, गिट शिकलो. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर एक माणूस नव्याने भेटला. त्याच माणसाची ही गोष्ट.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. शहराचंच नाव मुलीला ठेवलं. थोरली बहीण नेपल्सला जन्मली म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी. घर सुखवस्तू. डर्बीशायरमध्ये एक घर, हॅम्पशायरमध्ये दुसरं. वडील विल्यम नाइटिंगेल वाचनवेडे होते आणि त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. फ्लॉरेन्सला मात्र गणिताची ओढ. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. मुलीच्या जातीला गणित कशाला हवं, हा प्रश्न काही आपल्याकडेच विचारला जायचा असं नाही!

१८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलं आहे असं तिला मनोमन वाटलं. पण नर्स होणं म्हणजे त्या काळच्या सभ्य घरात जवळजवळ बदनामी. रुग्णालये म्हणजे गलिच्छ जागा आणि तिथे काम करणाऱ्या बायकांची ख्याती वाईट. घरच्यांनी साफ नकार दिला. मग या मुलीने काय केलं? पहाटे उठून, घर जागं व्हायच्या आधी, मेणबत्तीच्या उजेडात ती सरकारी अहवाल वाचू लागली. कुठल्या रुग्णालयात किती खाटा, किती रुग्ण, किती मृत्यू, सगळं वहीत उतरवून काढायची. अशी कैक वर्षे गेली. चांगली स्थळं आली, तीही तिने नाकारली. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैझर्सवर्थ येथील संस्थेत तीन महिने राहून तिने रुग्णसेवेचे रीतसर शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या रुग्णालयाची ती व्यवस्थापक झाली. मेकॅनिकलवाल्यांनो, ऐका! तिथे गेल्यावर तिची पहिली मागणी होती ती प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ आणि जेवण वर चढवायला लिफ्ट. कारण नर्सचा वेळ जिने चढण्या-उतरण्यात जातो, हे तिने ओळखलं होतं.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. काळ्या समुद्रापलीकडच्या आघाडीवरून जखमी आणि आजारी सैनिक जहाजात भरून तुर्कस्तानातल्या स्कुटारीला आणले जात. हे ठिकाण म्हणजे इस्तंबूलमधला आजचा उस्कुदार भाग. तिथल्या हालांच्या बातम्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आल्या आणि देशभर संताप उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ती ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन ऑक्टोबर १८५४ मध्ये निघाली आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारीला पोहोचली.

तिथलं वर्णन सगळ्या चरित्रांत असतं, म्हणून मी लांबवत नाही. मैलोगणती लांब व्हरांड्यांत जमिनीवर पडलेले सैनिक, चिंध्या झालेले कपडे, उवा, कॉलरा, हगवण. फ्लॉरेन्सने घासायचे ब्रश मागवले, धुलाईघर उभं केलं, स्वयंपाकाची सोय लावली, रात्री दिवा घेऊन फेऱ्या मारल्या. दिव्याची गोष्ट खरीच आहे. ती खोटी ठरवायचा माझा मुळीच हेतू नाही.

पण तिथे एक गोष्ट अशी होती की जी इतरांच्या नजरेस फारशी पडली नाही आणि हिच्या पडली. रुग्णालयात मृत्यूंची नोंद तीन वेगवेगळ्या ठिकाणी होत होती. तीन नोंदवह्या, तीन खाती, आणि तिन्हींतले आकडे वेगळे! कुठल्याही एकीचा दुसरीशी मेळ बसेना. शेकडो सैनिक पुरले गेले होते आणि त्यांच्या मरणाची धड नोंदच नव्हती. विचार करा, इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात कुणाची तरी आई पत्राची वाट बघत बसली आहे आणि तिचा मुलगा एका वहीत जिवंत आहे, दुसरीत मेलेला आहे आणि तिसरीत तो आलेलाच नाही.

आता जरा आपल्याकडे वळू. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या प्रत्येकाला हे दुखणं माहीत आहे. 'रिपोर्ट फायनल', 'रिपोर्ट फायनल नवीन', 'रिपोर्ट खरंच फायनल', अशा तीन फायली तिघांच्या पेनड्राइव्हवर असतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये भांडण, की खरी कुठली? याच दुखण्यावरचं औषध म्हणजे व्हर्जन कंट्रोल. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं, तेच आज जगभर वापरतात. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही फाइलमध्ये बदल केलात की त्याचा एक 'कमिट' करायचा. कमिट म्हणजे फोटो काढल्यासारखी नोंद. कुणी बदललं, केव्हा बदललं आणि कशासाठी बदललं, तिन्ही गोष्टी त्यात राहतात. 'डिफ' म्हटलं की नेमकी कुठली ओळ बदलली ते दिसतं. 'लॉग' म्हटलं की पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास उलगडतो. आणि दोघांनी एकच ओळ दोन प्रकारे बदलली असेल तर गिट आपल्या मनाने काही ठरवत नाही. ते थांबतं आणि म्हणतं, बाबांनो, इथे तुमचं जमत नाहीये, आधी माणसांनी बसून ठरवा. याला 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' म्हणतात. आम्हा नवशिक्यांना हे शब्द दिसले की घाम फुटतो. पण स्कुटारीच्या त्या तीन वह्या आठवल्या की वाटतं, बरं झालं थांबलं! तिथेही कॉन्फ्लिक्टच होता. फक्त थांबून विचारणारं कुणी नव्हतं.

मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्वच्छता आयोग पाठवला. डॉ. जॉन सदरलंड आणि इंजिनियर रॉबर्ट रॉलिन्सन हे त्यातले प्रमुख. (इंजिनियर! लक्षात ठेवा.) त्यांनी तुंबलेली गटारं उपसली, भिंतींना चुना मारला, वारा खेळावा म्हणून छपरांना झरोके काढले. पाणी येण्याच्या मार्गात तर मेलेलं जनावर अडकलेलं सापडलं. त्यानंतर मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. फ्लॉरेन्स स्वतः मे १८५५ मध्ये तापाने मरता मरता वाचली. त्या दुखण्याने तिचा पिच्छा पुढे कित्येक वर्षे सोडला नाही.

ऑगस्ट १८५६ मध्ये ती मायदेशी परतली ती राष्ट्राची लाडकी होऊन. तिच्या नावाने निधी जमला, गाणी झाली, चित्रं विकली गेली. सत्कार घेऊन स्वस्थ बसायला काहीच हरकत नव्हती. पण तिच्या मनात ती मेलेली माणसं घर करून होती. इतके सैनिक कशाने गेले, या प्रश्नाचं उत्तर तिला हवं होतं. त्यासाठी तिला भेटला विल्यम फार नावाचा माणूस. गरीब शेतमजुराच्या घरात जन्मलेला, डॉक्टर झालेला आणि इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात आकड्यांचा प्रमुख म्हणून काम करणारा. दोघांनी मिळून सैन्याच्या नोंदी तपासायला घेतल्या. पत्रं जायची, तक्ते यायचे, दुरुस्त होऊन परत जायचे. ईमेल नाही, कॅल्क्युलेटर नाही. सगळा भागाकार हाताने!

आता आमच्या चोवीस ओळींकडे येऊ. जानेवारी १८५५ ची ओळ अशी. सैन्यसंख्या ३२,३९३. रोगाने मृत्यू २,७६१. जखमांनी ८३. इतर कारणांनी ३२४. मी पहिल्यांदा ही ओळ स्क्रीनवर छापली तेव्हा रकाने उलटेपालटे झाले असावेत असंच मला वाटलं. युद्धात जखमांनी ८३ आणि रोगाने २,७६१? म्हणजे तेहतीसपट? पण रकाने बरोबर होते. शत्रूच्या गोळीने एक मेला तेव्हा कॉलरा, हगवण, विषमज्वर यांनी तेहतीस मेले. वर्षाच्या दराने हिशोब करायचा तर २,७६१ ला १२ ने गुणायचं, सैन्यसंख्येने भागायचं आणि हजाराने गुणायचं. उत्तर येतं दर हजारी १,०२२.८. हजारात हजारांहून जास्त! म्हणजे तोच वेग बारा महिने टिकला असता आणि नवी कुमक आली नसती, तर वर्षाच्या आत सगळं सैन्य नुसतं आजाराने संपलं असतं. एकही लढाई न लढता. आणि बरोबर एका वर्षानंतरची, जानेवारी १८५६ ची ओळ बघा. सैन्यसंख्या ४४,२१२, रोगाने मृत्यू ४२, जखमांनी २, इतर ४८. लूपच्या एका फेरीत आपण हे दोन आकडे ओलांडून जातो. मधे काय झालं? गटारं साफ झाली, पाणी स्वच्छ झालं, अन्न, कपडे आणि निवारा सुधारला.

फार यांचं मत असं की आकडेशास्त्राचं लिखाण जितकं रुक्ष तितकं चांगलं. फ्लॉरेन्सला ते पटत नव्हतं. मंत्री आणि खासदार तक्ते वाचत नाहीत, त्यांना डोळ्यांना दिसेल असं काही द्यायला हवं, हे तिने ओळखलं होतं. म्हणून तिने आलेख काढले. पहिल्या प्रकारात वर्तुळाच्या मध्यापासून बारा महिन्यांच्या बारा रेषा होत्या. जितके मृत्यू तितकी रेषा लांब, आणि टोकं जोडली की वटवाघळाच्या पंखासारखा आकार व्हायचा. पण इथे एक गोम आहे. माणसाचा डोळा रेषेची लांबी बघत नाही, तो रंगवलेलं क्षेत्रफळ बघतो. तेहतीसपट मृत्यूंना तेहतीसपट त्रिज्या दिली तर क्षेत्रफळ हजारपटींहून जास्त दिसतं! सत्य भयंकर होतंच, पण आलेख ते आणखी फुगवून दाखवत होता. हे ध्यानात आल्यावर तिने काय केलं? आकृती आपल्याच बाजूने बोलते आहे, राहू दे, असं म्हटलं नाही. छापलेल्या आकृतीसाठी शुद्धिपत्राची चिठ्ठी जोडली गेली आणि पुढच्या आकृत्यांत मोजमाप क्षेत्रफळावर नेलं. १८५८ साली छापलेला तो प्रसिद्ध गुलाबासारखा आलेख जन्मला तो असा. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्याचा नुसता महापूर. आमच्या कोडमध्ये हा सगळा फरक एका ओळीत मावतो. त्रिज्या म्हणून संख्या द्यायची नाही, संख्येचं वर्गमूळ द्यायचं. तेहतीसपट संख्येला पावणेसहापट त्रिज्या. बस्स!

माझ्या दृष्टीने ही चिठ्ठी म्हणजे जगातला एक अत्यंत सुंदर कमिट आहे. जुनी आवृत्ती जाळून टाकली नाही, गुपचूप बदललीही नाही. आधी असं होतं, आता असं आहे, कारण हे. चूक झाकणारा शास्त्रज्ञ आणि चूक नोंदवणारा शास्त्रज्ञ यांच्यातलं अंतर तेवढ्याशा कागदाचं असतं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. आकडे एक आणखी गोष्ट सांगत होते आणि ती तिच्या स्वतःच्या दारापर्यंत येत होती. स्कुटारीच्या रुग्णालयांतलं मरणाचं प्रमाण आघाडीजवळच्या तंबूंतल्या रुग्णालयांपेक्षा जास्त होतं! ज्या इमारतीत ती दिवा घेऊन फिरत होती, तिथे आणल्यामुळेच कित्येकांचा जीव गेला होता. ती आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. कारण जमिनीखाली गटारं तुंबलेली होती. जमीन घासून, रुग्णांना भरवून, पांघरूण घालून ती घाण जाणार नव्हती. जगभर जिचे पोवाडे गायले जात होते, तिला हे स्वतःच्या हाताने मांडावं लागलं. तिने ते मांडलं. आठशेहून अधिक पानांचा अहवाल लिहून मांडलं. आपण तिच्या जागी असतो तर ती ओळ फाइलमधून हळूच डिलीट केली असती का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. प्रामाणिक उत्तर पटकन येत नाही.

१८५७ मध्ये सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग नेमला गेला. स्त्री म्हणून तिला आयोगाचं सदस्य होता आलं नाही, तिने लेखी साक्ष दिली. तिच्या तक्त्यांतून दिसलं की युद्ध तर सोडाच, शांततेच्या काळातही इंग्लंडमधल्या बराकीत राहणारे तरुण सैनिक त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुपटीने मरत होते. निवडून घेतलेली धडधाकट पोरं! या आयोगातून पुढे बराकींची सुधारणा झाली, सैन्यासाठी वैद्यकीय शाळा निघाली आणि सैन्याचं आकडेवारीचं खातं सुरू झालं. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सदस्य करून घेतलं. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची नर्सिंगची शाळा सुरू झाली. आणि हे सगळं बहुतेक अंथरुणावरून, कारण सदतिसाव्या वर्षापासून ती आजारीच असे.

त्याच १८६० साली लंडनला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. तिथे फ्लॉरेन्सने एक साधी वाटणारी पण मुळावर घाव घालणारी सूचना पाठवली. सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्याचा फॉर्म भरावा. वर्षाच्या सुरुवातीला किती रुग्ण, नवे किती आले, बरे किती झाले, मेले किती, उरले किती. रोगांची यादीही सगळीकडे एकच.

याचं महत्त्व मला आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये कळलं. एका ग्रामीण दवाखान्याच्या बाह्यरुग्ण नोंदी, नावं काढून टाकलेल्या, आम्हाला सरावाला मिळाल्या होत्या. कुठे 'ताप', कुठे 'फीवर', कुठे 'थंडीताप', कुठे नुसतं 'ता.' लिहिलेलं. माणसाला सगळं कळतं हो, कॉम्प्युटरला ते चार वेगळे आजार वाटतात! आमच्या चौघांचा एक अख्खा आठवडा फक्त या शब्दांची यादी जुळवण्यात गेला. आम्हाला वाटलं होतं हेल्थ डेटा म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स वगैरे भारी काहीतरी. प्रत्यक्षात 'ता.' म्हणजे काय, यावर रात्री मेसमध्ये वाद घालत बसलो होतो. फार यांनी रोगांच्या वर्गीकरणाचा पाया घातला, त्यातून १८९३ मध्ये जॅक बर्टिलॉन यांची आंतरराष्ट्रीय यादी आली आणि त्याच यादीच्या वंशातली अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केली. म्हणजे रोगांच्या यादीलासुद्धा व्हर्जन आहेत!

फ्लॉरेन्सचे ते फॉर्म परिषदेने उचलून धरले, लंडनच्या काही मोठ्या रुग्णालयांनी ते वापरलेही. पण ते फार किचकट, भरायला वेळखाऊ. थोड्याच वर्षांत मागे पडले. १८६१ च्या जनगणनेत आजारी माणसांची आणि घरांची माहिती विचारावी म्हणून तिने खटपट केली, तीही फसली. आणखी एक फजिती झाली. १८६३ मधल्या तिच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकात फार यांचा एक तक्ता होता, त्यात लंडनमधल्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९०.८४ टक्के दाखवला होता. डॉक्टर मंडळी खवळली. म्हणजे काय, शंभरातले नव्वद आम्ही मारतो? झालं असं होतं की वर्षभरातले मृत्यू अंशस्थानी घेतले होते आणि छेदस्थानी वर्षभरात आलेले सगळे रुग्ण नव्हे, तर एका ठराविक दिवशी खाटांवर असलेले रुग्ण. भागाकार बरोबर, पण वाचणाऱ्याला अर्थ भलताच लागतो. कोड एकही एरर न देता चालतं आणि उत्तर मात्र दिशाभूल करतं, ही गोष्ट आमचे सर प्रत्येक प्रॅक्टिकलला सांगतात. कंपायलरला छेद कळत नाही, तो आपल्यालाच कळावा लागतो.

आता आपल्या देशाकडे. फ्लॉरेन्स भारतात कधीच आली नाही, पण आयुष्याची चाळीसेक वर्षे तिने भारताच्या प्रश्नांवर घालवली. १८५९ मध्ये भारतातल्या सैन्याच्या आरोग्यावर आयोग नेमला गेला. इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या गेल्या आणि कागदांचे ढीगच्या ढीग लंडनला तिच्या घरी जाऊन पडले. १८६३ चा तो अहवाल दोन हजारांहून जास्त पानांचा. पाणी कुठलं पितात, सांडपाणी कुठे जातं, बराकीत किती माणसं कोंबतात, सगळं त्यात आलं. भारतातल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ होता. १८७३ मध्ये वाचल्या गेलेल्या निबंधात तिने तो १८ वर आल्याचं दाखवलं.

सुरुवातीला तिची नजर सैनिकांवरच होती, हे खरं. पण कागद वाचता वाचता तिला उमगलं की छावणीच्या कुंपणापाशी रोग थांबत नाही. गावाचं आरोग्य सुधारल्याशिवाय छावणीचं सुधारणार नाही, आणि कर्जात बुडालेल्या, दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याला नुसते स्वच्छतेचे धडे देऊन उपयोग नाही. मग ती पाटबंधारे, सावकारी, शेतसारा यांवर लिहू लागली. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. होय, सार्वजनिक काकांनी १८७० साली स्थापन केलेली, न्यायमूर्ती रानड्यांनी वाढवलेली तीच सभा! गावोगावच्या स्वच्छतेबद्दल ती पुण्याच्या मंडळींशी पत्रातून बोलत होती. हे मला कुठल्याही शाळेने सांगितलं नव्हतं.

तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. घाण वासाच्या हवेमुळे रोग होतात असं त्या काळी अनेकांसारखं तिलाही वाटे आणि जंतूंचा सिद्धांत तिने उशिरा मान्य केला. तरी गंमत बघा, कारण चुकीचं धरूनही उपाय बरोबर निघाला, कारण उपाय आकड्यांवर पारखला होता.

१८९१ मध्ये ऑक्सफर्डला उपयोजित सांख्यिकीचं अध्यासन निघावं म्हणून तिने फ्रान्सिस गॉल्टन यांच्याबरोबर प्रयत्न केला. राज्यकर्ते होणाऱ्या मुलांना आकडे वाचता यावेत ही तिची तळमळ. तेही जमलं नाही. पुढे दृष्टी गेली. जिने जन्मभर तक्ते वाचले तिला अक्षर दिसेनासं झालं. १९०७ मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याची तयारी होती, पण घरच्यांनी ते नाकारलं. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावी तिची कबर आहे. त्या दगडावर तिच्यासाठी पूर्ण नावही नाही. नावाची दोन आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूच्या तारखा, एवढंच.

ज्युनिअर्सनो, पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणी हा इलेक्टिव्ह घेणार असाल, तर दोन गोष्टी सांगून थांबते. पहिली, कमिट करताना मेसेजमध्ये नुसतं 'बदल' किंवा 'अपडेट' लिहू नका. काय बदललं आणि का, ते लिहा. सहा महिन्यांनी ते वाचणारा अनोळखी माणूस बहुधा तुम्ही स्वतःच असता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गिट काही विसरत नाही. एखाद्या रुग्णाचं नाव किंवा फोन नंबर एकदा कमिट झाला की फाइलमधून खोडला तरी इतिहासात तो तसाच राहतो. म्हणून नावं आधी काढा, मग पहिला कमिट करा. स्कुटारीत माणसांची नावं हरवली म्हणून अनर्थ झाला, आपल्याकडे ती नको तिथे सापडली तर होईल. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. फाइलमधली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी एक माणूस आहे, आणि ती ओळ आपल्या हातात कुणीतरी विश्वासाने दिली आहे.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी